भाषणासाठी मदत हवी: मोठे खेळाडू आपल्या आधीच्यांबद्दल स्वतः काय सांगतात?

कृष्णाकाठची, मिरज

नमस्कार मंडळी,

लेक आठवीत आहे. पहाटे साडेपाचला उठून क्रिकेटच्या सरावाला जाते आणि दुपारी इतिहासाच्या तासाला डुलक्या काढते. आता बाईंनी तिला वक्तृत्व स्पर्धेत उभं केलंय. विषय 'ज्यांनी वाट पाडली', वेळ पाच मिनिटं. तिने लिहून आणलेल्या दीड पानात 'प्रेरणादायी प्रवास' हे शब्द चार वेळा आले होते. मी विचारलं, अगं, पण कोणाला कोणाची प्रेरणा मिळाली, आणि मिळाली म्हणजे नेमकं झालं काय? तर म्हणे, "आई, भाषणात असंच लिहायचं असतं."

खरं तर मूळ प्रश्न तिचाच आहे. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री आमच्या घरात कोणी झोपलं नव्हतं. पावसामुळे नवी मुंबईतला महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना उशिरा सुरू झाला होता, दक्षिण आफ्रिकेची शेवटची विकेट पडली तेव्हा बारा वाजून गेले होते. मग थोड्या वेळाने कर्णधार हरमनप्रीतच्या मुलींनी तो विश्वचषक नेऊन मिताली राज, झुलन गोस्वामी, अंजुम चोप्रा या आधीच्या पिढीतल्या खेळाडूंच्या हातात दिला. झुलनला रडू आवरेना. लेक म्हणाली, "जिंकल्या ह्या, मग त्या का रडतायत?" मला धड सांगता आलं नाही.

तर मला असे प्रसंग हवेत जे मोठ्या खेळाडूंनी, कलावंतांनी स्वतः सांगितलेत. आधीच्या माणसाने नेमकं काय केलं, आणि आपलं आयुष्य कुठल्या दिवशी वळलं. सुविचार नकोत, ते तिच्या वहीत भरपूर आहेत.

शिवाजी_पार्कचा_कट्टा

सचिनचं १६ नोव्हेंबर २०१३ चं वानखेडेवरचं निरोपाचं भाषण ऐकवा तिला. कोणी राहायला नको म्हणून नावांची यादी हातात घेऊन बोलला होता. त्याचे प्रशिक्षक आचरेकर सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, म्हणजे एका दिवसात जास्त सामने खेळून होतील. आणि २९ वर्षांत सरांनी एकदाही 'छान खेळलास' म्हटलं नाही, कारण पोरगं हवेत जाईल. आता पुढे सामनेच नाहीत, तेव्हा आता म्हणायला हरकत नाही, असं तो हसत हसत म्हणाला. आमच्या कट्ट्यावरचे दोन पेन्शनर तेव्हा डोळे पुसत होते आणि ऊन लागतंय म्हणत होते.

आयुष्य वळलं तो दिवस म्हणाल तर २७ मार्च १९९४, ऑकलंड. सकाळी सलामीला खेळणाऱ्या सिद्धूची मान आखडली. सचिन तोवर मधल्या फळीत यायचा. मला सलामीला पाठवा म्हणून तो कर्णधार अझर आणि मॅनेजर अजित वाडेकर यांच्यामागे लागला, अक्षरशः गयावया केली, आणि वर सांगितलं की एकदा फसलो तर पुन्हा मागायला येणार नाही. हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे. पुढे ४९ चेंडूंत ८२. न्यूझीलंडच्या १४२ धावा आपण चोविसाव्या षटकात पार केल्या. तरीसुद्धा एकदिवसीय सामन्यातलं पहिलं शतक यायला सप्टेंबर उजाडला, आणि तो त्याचा ७९ वा सामना होता. मुलीला हा आकडा पाठ करायला लावा.

सिद्धू त्या रात्री कुठल्या उशीवर झोपला होता, ती उशी खरं तर संग्रहालयात ठेवायला हवी.

पडद्यामागचा

विषय खेळापुरता नसेल तर दोन गोष्टी. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीच्या कामासाठी बाई मिळाली नाही, ते काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती म्हणून उभ्या राहिल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी झाली. कमलाबाईंचा मुलगा चंद्रकांत गोखले, नातू विक्रम गोखले. चार पिढ्या एकाच घरात.

दुसरी लताबाईंची. आवाज पातळ आहे म्हणून निर्माते शशधर मुखर्जींनी त्यांना नाकारलं, आणि संगीतकार गुलाम हैदर चिडले. त्यांनी १९४८ च्या 'मजबूर'मध्ये लताबाईंकडून गाऊन घेतलं. लोकलच्या प्रवासात सिगारेटच्या डब्यावर ठेका धरून त्यांनी आपल्याला गायला लावलं होतं, ही आठवण लताबाई सांगायच्या, आणि ऐंशी उलटल्यावरही त्यांना आपले गॉडफादर म्हणायच्या.

जुनी_कीपर, पुणे

मिरजेच्या ताई, तुमच्या लेकीने बरोबर जागी बोट ठेवलंय. त्या का रडल्या, हे झुलनने नंतर स्वतः सांगितलं.

२०२२ चा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये होता. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात दक्षिण आफ्रिकेने अगदी शेवटच्या चेंडूवर हरवलं आणि आपण बाहेर. झुलनला दुखापत झाली होती, ती त्या सामन्यात खेळलीच नाही. त्या स्पर्धेनंतर हरमन आणि स्मृती रात्री तिच्या खोलीवर गेल्या आणि म्हणाल्या, पुढच्या विश्वचषकाला तू असशील की नाही ठाऊक नाही, पण आम्ही तुझ्यासाठी तो आणू. झुलन सप्टेंबरात लॉर्ड्सवर शेवटचा सामना खेळून निवृत्त झाली. म्हणजे नवी मुंबईत त्या रात्री आपण पाहिली ती परतफेड होती. साडेतीन वर्षांची उधारी, व्याजासकट.

आता थोडं माझं, म्हणजे मी एवढं का लिहितेय ते कळेल. सत्तरचं दशक संपताना मी पुण्यात यष्टिरक्षण करायचे. नाव सांगावं असं काही केलेलं नाही. राज्याच्या संघात तीनदा राखीव म्हणून गेले, एकदा खेळले, त्यात दोन झेल आणि भोपळा. पण पुणं या बाबतीत कमी नाही हं. मुलींची पहिली आंतरराज्य स्पर्धा एप्रिल १९७३ मध्ये पुण्यातच झाली. संघ किती? मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. संपली यादी.

बाहेरगावी जायचं तर बिनआरक्षित डबा. किटबॅग दारापाशी टाकायची आणि तिच्यावरच बसून रात्र काढायची. मुक्काम शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या हॉलमध्ये, सतरंजीवर ओळीने. संघाला मिळून पॅडचे तीन जोड. बाद होऊन आलेली सीमारेषेजवळ पॅड सोडायची आणि पुढे बसायचा नंबर जिचा, तिने ते तिथेच बांधायचे. घामाने ओले, पट्टे ताणून सैल झालेले. माझ्या आजीला मी सांगितलं होतं की कॉलेजची सहल आहे. तिला शेवटपर्यंत वाटायचं की हे कॉलेज फार सहली काढतं.

माझे ग्लव्हज एका वरच्या मुलीचे होते. लग्न ठरलं तेव्हा तिने ते माझ्या पिशवीत कोंबले आणि काही न बोलता गेली. उजव्या तळव्याला भोक होतं, तिथे मी मोज्याचा तुकडा आतून शिवला होता. चार वर्षांनी मीही ते एकीला दिले. तिने त्यांत अजून काय शिवलं कोण जाणे.

म्हणून मला ते 'प्रेरणा' प्रकरण फारसं कळत नाही. मला वस्तू कळते. तुमच्या लेकीला म्हणावं, मोठी माणसं आधीच्यांबद्दल बोलायला लागली की एवढंच शोध: हातात काय दिलं? बहुतेक वेळा काहीतरी सापडतं.

स्मृतीचंच बघा, ती तर तुमच्या सांगलीची. तिच्या भावाने, श्रवणने, राहुल द्रविडकडून एक बॅट मिळवली होती, द्रविडच्या सहीची. घरात मिरवायला ठेवायची वस्तू. स्मृतीने हातात घेऊन पाहिली, तोल आवडला, आणि बाई तीच घेऊन खेळायला लागल्या! २०१३ साली वडोदऱ्याला १९ वर्षांखालच्या स्पर्धेत गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ केल्या, त्या याच बॅटने. मर्यादित षटकांच्या सामन्यात द्विशतक करणारी पहिली भारतीय मुलगी. सही असलेली बॅट शोकेसमध्ये राहिली असती तर तिच्यावर धूळ बसली असती.

गावसकरांनी सचिनला पॅड दिले, वजनाला अगदी हलके, तेव्हा तो शाळकरी होता. आणि पत्र लिहिलं, १९८७ मध्ये. मुंबईचा सर्वोत्तम ज्युनियर खेळाडूचा पुरस्कार सचिनला मिळाला नव्हता. गावसकरांनी लिहिलं त्याचा भाव असा: वाईट वाटून घेऊ नकोस, आजवरच्या विजेत्यांच्या यादीत एक नाव तुला सापडणार नाही, आणि त्या माणसाने कसोटीत काही वाईट कामगिरी केलेली नाही. म्हणजे स्वतःच! चौदा वर्षांच्या पोराला यापेक्षा नेमकं काय सांगणार? २००४ मध्ये सचिनने गावसकरांच्या ३४ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हाही त्याला ते पत्र आठवत होतं.

पण कधी कधी न देणं हेसुद्धा देणंच असतं. लहानपणी गावसकर मामांकडे जायचे. मामा म्हणजे माधव मंत्री, कसोटी खेळलेले, आणि यष्टिरक्षक, आमच्या पंथाचे. त्यांच्या कपाटात भारताचे स्वेटर होते. भाच्याने एक मागितला. मामांनी साफ नाही म्हटलं, हा मिळवावा लागतो. लाडका भाचा असूनही. १९७१ मध्ये तो भाचा वेस्ट इंडीजला गेला आणि पहिल्याच मालिकेत, चार कसोटींत ७७४ धावा करून आला. स्वेटर स्वतःचा होता. आणि हेच गावसकर मुलाचं नाव ठेवताना काय करतात, तर रोहन जयविश्व. रोहन कन्हायमधला रोहन, जयसिंहांचा जय आणि विश्वनाथचा विश्व. तीन फलंदाज एका पाळण्यात. बारशाला बायकांनी कुजबुजताना काय काय म्हटलं असेल, मला ऐकायला आवडलं असतं.

आमच्या बायकांच्या बाजूला मात्र वस्तूंपेक्षा दारं जास्त आली. बंद. भारताच्या कर्णधार डायना एडलजींना १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये जाऊ दिलं नाही. त्या भडकून म्हणाल्या, एमसीसीने, म्हणजे लॉर्ड्सच्या मालक क्लबने, आपलं नाव बदलून एमसीपी करावं, म्हणजे पुरुषी माज करणाऱ्यांचा क्लब. त्या क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला १९९८ उजाडलं. आणि २०१७ च्या अंतिम सामन्यात त्याच लॉर्ड्सवर खच्चून गर्दी, मैदानात मिताली, हरमन, झुलन, स्मृती. नऊ धावांनी हरलो. मी त्या रात्री जेवले नाही, पण पॅव्हेलियनच्या पायऱ्यांवरून आपल्या मुली उतरताना बघून पोट अर्धं भरलं होतं. डायनाबाईंना २०२३ मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. उशिरा? हो. पण त्यांनी रेल्वेत बायकांचा संघ उभा राहावा म्हणून जी खटपट केली तिच्यामुळे किती पोरींना पगार सुरू झाला, ते कुठल्या हॉलमध्ये मावणार नाही. नोकरी असली की घरचे लग्नाची घाई करत नाहीत, हे त्या काळात खेळलेल्या कुठल्याही बाईला विचारा.

आमच्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णींचंही नाव तिला सांगा. लेगस्पिनर, भारताच्या कर्णधार, आणि २००६ मध्ये महिलांची संघटना बीसीसीआयमध्ये विलीन झाली तेव्हा तिच्या सचिव. आम्ही त्यांना नेहमी दुरूनच बघितलं. चेंडू हातातून सुटताना काय होतंय हे माझ्यासारख्या कीपरला यष्टींमागूनही कळलं नसतं.

शेवटचा माणूस पुरुष आहे, चालेल ना? अमोल मुझुमदार. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. सगळ्या जगाला हे पाठ आहे. त्यांच्यानंतर फलंदाजीला कोण होतं? अमोल. दोन दिवस पॅड बांधून बसला. विकेट पडलीच नाही. पुढे मुंबईसाठी रणजी पदार्पणात २६०, कारकिर्दीत प्रथम श्रेणीच्या अकरा हजारांवर धावा, आणि भारताची कॅप एकदाही नाही. मधल्या फळीत द्रविड, गांगुली, लक्ष्मण, सचिन बसलेले, कुठे घुसणार? मी त्याच्याबद्दल हळहळणं कधीच सोडून दिलं होतं, माणसाने किती जणांसाठी हळहळायचं.

आणि २ नोव्हेंबरला संघाचा प्रशिक्षक म्हणून तोच तिथे उभा. हरमन वाकून त्याच्या पाया पडली आणि तिने मिठी मारली. मी बीपीची गोळी घेतली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. शेजारच्यांनी भिंतीवर ठोकलं.

पंचगंगेची_तालीम, कोल्हापूर

कीपर काकूंना दंडवत. पण ताई, वस्तूच पाहिजे असेल तर आमच्याकडची घ्या. घर.

पैलवान खाशाबा जाधव. गाव गोळेश्वर, तालुका कराड. १९४८ ला लंडनच्या ऑलिंपिकला गेले, मॅटची सवय नसताना सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण टाकून सात हजार उभे केले. विद्यार्थ्यासाठी! आजचे प्राचार्य सहलीची वर्गणी भरली नाही म्हणून निकाल अडवतात (कुठले ते विचारू नका, माझ्या भाच्याचा अजून अडकलाय). तिकडे एक निकराची कुस्ती झाल्यावर लगेच दुसऱ्या कुस्तीला उभं केलं, विश्रांती मागायला आपला अधिकारी जागेवर नव्हता, असं सांगतात. तरी ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडला शंभरावर बैलगाड्या आल्या होत्या मिरवणुकीला. आणि परत आल्यावर या गड्याने पहिलं काम काय केलं असेल, तर कुस्त्या मारून पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचं घर सोडवलं.

त्यानंतर देशाला वैयक्तिक पदक १९९६ ला, लिएंडर पेस. ४४ वर्षं. आणि महाराष्ट्राच्या माणसाला १ ऑगस्ट २०२४ ला, आमच्या राधानगरीतल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. ७२ वर्षं! गंमत अशी की त्याला विचारलं तर तो म्हणाला, नेमबाजीत असा कोणी खास आदर्श नाही, पण धोनी आवडतो. का, तर माझ्या खेळाला तसाच शांतपणा लागतो, आणि मीही रेल्वेत टीसीच. बघा, काय नातं जुळतंय. ना गाव एक ना खेळ एक, तिकिटं तपासण्याचं काम एक.

खाशाबांना जिवंतपणी अर्जुन पुरस्कार मिळाला नाही. १९८४ मध्ये अपघातात गेले. पद्म तर अजून नाही. यावर आमच्या तालमीत रोज संध्याकाळी चर्चा होते, इथे नको, लांबेल.

वर्गशिक्षक_नाशिक

मी दहा वर्षं अशा स्पर्धांना परीक्षक आहे. वरचं सगळं सोन्यासारखं आहे, पण पाच मिनिटांत बसणार नाही. मुलगी नावं आणि सनावळ्या म्हणत सुटेल आणि घंटा वाजेल. दोनच प्रसंग घ्या, तिसऱ्याचा मोह टाळा. आणि सुरुवात 'आदरणीय व्यासपीठ'ने केली नाही तरी गुण कापत नाहीत, किमान मी तरी.

कृष्णाकाठची, मिरज

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री सगळा धागा तिला मोठ्याने वाचून दाखवला. सचिनचा ७९ आकडा तिने सरावाच्या पिशवीवर पेनने लिहिलाय. खर्डेकर सरांच्या घरापाशी तिचे बाबा मध्येच उठून पाणी प्यायला गेले.

नाशिकच्या सरांचं ऐकून दोनच प्रसंग घेतलेत. शेवट झुलनच्या खोलीतल्या शब्दाने. सुरुवात मात्र तिने मला न विचारता बदलली. 'प्रेरणादायी' गेलं. आता पहिलं वाक्य असं आहे: "आझाद मैदानावर एक मुलगा दोन दिवस पॅड बांधून बसला होता आणि त्याचा नंबर आलाच नाही."

कीपर काकू, तुमच्यासाठी तिचा एक प्रश्न आहे. मी रागावले, पण ती म्हणाली विचारच. दोन दिवस पॅड बांधून बसल्यावर शू लागली तर काय करतात? पॅड सोडायचे का?

जुनी_कीपर, पुणे

अजिबात नाही. तसंच जायचं, पाय फाकवत. पॅड सोडले की हमखास विकेट पडते.